जंगलातली जमीन : दर ठरवण्याआधी नकाशा मागा

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो, दोघांचंही पीआर (कायम वास्तव्याची परवानगी) झालं आहे. व्हिक्टोरियाच्या पूर्वेला गिप्सलँडमध्ये 12 हेक्टरचा जंगली ब्लॉक पाहिला. त्यावर ‘ट्रस्ट फॉर नेचर’ या निसर्गसंवर्धन संस्थेचं कव्हेनंट, म्हणजे जंगल राखण्याचा बंधनकारक करार आहे. घरासाठी 4,000 चौरस मीटर जागा आखून दिली आहे. ती रस्त्यापासून 150 मीटर आत, उतारावर आहे. एजंट म्हणतो, घर आरामात बसेल. काय तपासावं? आमच्याकडे कुत्रा आहे.

उत्तर : एजंटच्या शब्दावर जाऊ नका. घर बसेलच, पण घराभोवतीची आगीपासून बचावाची मोकळी जागा बसेल का, ते बघा. हे कव्हेनंट टायटलवर, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या नोंदीवर नोंदलेलं असतं, मालक बदलला तरी सुटत नाही. सेक्शन 32 (विकणाऱ्यानं जमिनीची माहिती देणारं निवेदन) सोबतचं टायटल पाहून कव्हेनंटचा पूर्ण मजकूर आणि नकाशा मागून घ्या.

आता मोजमाप. जागा बुशफायर मॅनेजमेंट ओव्हरलेमध्ये, म्हणजे वणव्याच्या धोक्यामुळे बांधकामाला खास नियम असलेल्या पट्ट्यात येते का, ते आधी पाहा. जंगली ब्लॉक बहुधा येतातच. बीएएल म्हणजे घराला वणव्याची झळ किती बसेल त्याची पातळी; आकडा जितका मोठा, तितकं बांधकाम मजबूत लागतं. बीएएल-29 दर्जाचं घर बांधायचं तर सपाटीवर जंगलापासून 25 मीटर अंतर लागतं. जंगल घराच्या खालच्या अंगाला असेल आणि उतार 5 ते 10 अंश असेल, तर त्या बाजूला 39 मीटर. घर 10 बाय 12 मीटरचं धरलं, तर सपाटीवर साधारण 3,700 चौरस मीटर लागतील, म्हणजे जेमतेम मावेल. खालच्या बाजूचे 14 मीटर वाढले की आकडा 4,500 च्या वर जातो. आखलेल्या जागेबाहेरचं झाड कव्हेनंटमुळे तोडता येत नाही आणि मोकळ्या जागेशिवाय नगरपालिका परवानगी देत नाही. अशा वेळी कमी अंतरात चालणारं, पण महागडं बीएएल-40 चं बांधकाम करता येईल का, ते विचारावं लागतं.

आत घरापर्यंत जाणारा रस्ताही विसरू नका. अग्निशमन दलाच्या गाडीसाठी 3.5 मीटर रुंदी आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मोकळं लागतं. 150 मीटरला 675 चौरस मीटर झाले. शिवाय वर 4 मीटर उंचीपर्यंत फांदी नको, आणि रस्ता 100 मीटरहून लांब असल्यानं गाडी वळवायला जागा हवी. नकाशात ही पट्टी दाखवली आहे का?

शेजारी 10/50 चा नियम सांगतील, म्हणजे परवानगीशिवाय घरापासून 10 मीटरपर्यंत झाडांसह सगळं आणि 50 मीटरपर्यंत झाडं सोडून बाकीची झुडपं काढायची मुभा. तो 10 सप्टेंबर 2009 पूर्वीच्या घरांसाठी आहे, तुमच्या नव्या घराला नाही.

म्हणून सही करण्याआधी ट्रस्टच्या त्या भागातल्या अधिकाऱ्यांशी बोला आणि बुशफायर सल्लागाराकडून उतार मोजून घ्या. करारात ‘प्लॅनिंग परमिट मिळालं तरच’ अशी अट वकिलाकडून घालून घ्या. खासगी विक्रीत माघारीला कामाचे 3 दिवस मिळतात, पण तेवढ्यात हे उरकत नाही. लिलावात तर तीही सोय नाही.

कुत्र्याचं कलम नीट वाचा. काही कव्हेनंटांत कुत्रा-मांजर पूर्ण बंद, काहींत फक्त घराच्या आवारात चालतं. सरपणाला पडलेलं लाकूड उचलायलाही सहसा मनाई असते आणि ती रास्तच आहे. ऑस्ट्रेलियात सुतारपक्षी नाहीत. झाडाची ढोली बुरशी आणि वाळवी पोखरते, त्याला शंभराहून अधिक वर्षं लागतात. ग्रेटर ग्लायडर हा झाडावरून झाडावर तरंगत जाणारा प्राणी त्याच ढोल्यांत राहतो, आणि ओंडक्यांखाली छोट्या प्राण्यांचा संसार असतो. वाळलेलं झाड म्हणजे टाकाऊ, हे इथे चालत नाही.

तण आणि सशांचा बंदोबस्त मालकानंच करायचा असतो. शिवारफेरीत ब्लॅकबेरीची जाळी किती पसरली आहे ते बघून दरात घासाघीस करा.