सात-आठ वर्षांच्या मुलांना हस्तकलेतून पक्ष्यांची ओळख कशी करून द्यावी?

पक्ष्याचं चित्र रंगवून घेण्यापेक्षा सुगरणीचं घरटं विणायला द्या. तारेचं एक कडं फांदीला टांगा आणि गवताच्या लांब, ओल्या पट्ट्या द्या (वाळलेल्या तुटतात). अट एकच, बोटं लावायची नाहीत, फक्त चिमटा. तीच चोच! माझ्या भाचीचा पहिली गाठ मारण्यातच अर्धा तास गेला, मग तिनेच विचारलं, "हे पक्षी करतो कसा?"

तेव्हा सांगा: विणतो तो नर, पावसाळ्यात पिवळ्या डोक्याचा. आधी कडं, मग अर्धवट टोपीसारखं घरटं. मादी येऊन पाहते, पसंत पडलं तरच पुढे लांब नळीचं दार. विहिरीकाठच्या बाभळीवर लटकलेली घरटी नक्की दाखवा, पण लांबूनच.