यादी राहू दे, एक गड धर

अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो निवांत पाहिले. राजगड, लोहगड, कळसूबाई, साल्हेर, मध्येच कास. पाय चांगले आहेत आणि डोळाही आहे, हे आधी सांगून टाकतो. पण जवळजवळ प्रत्येक फोटो सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळातला आहे आणि प्रत्येक ठिकाणी तू एकदाच गेली आहेस. पहाटे निघायचं, नऊला पायथा, बाराला माथा, अंधार पडायच्या आत हायवे. अशा वेळापत्रकात कॅमेरा तरी काय करणार? तू विचारलंस, आता कोणती लेन्स घेऊ. लेन्सचं नंतर बघू. पुढचं वर्षभर एकच गड धर.

कोणता, तेही मीच सांगतो, कारण निवड तुझ्यावर सोडली तर तू पुन्हा यादी करत बसशील. हरिश्चंद्रगड. उंची 1424 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा दोनेकशे मीटर कमी, पण पसारा अफाट. कोकणकडा आहे, तारामतीचं शिखर आहे, मधलं जंगल, मंदिर, पुष्करणी, केदारेश्वराची गुहा आहे. कड्याखाली थेट कोकण आणि मागे घाटमाथ्याची शेतं. एकाच डोंगरावर इतक्या तऱ्हा क्वचित मिळतात. राजूरकडून पायथ्याच्या पाचनई गावाला गेलीस तर चढ सोपा. खिरेश्वरहून तोलारखिंडीची वाट लांब आहे आणि वर कातळटप्पा आहे. बेलपाड्याहून येणारी नळीची वाट तुझ्यासाठी सध्या नाही, आणि पावसाळ्यात तर कोणासाठीच नाही. ती मुळात पाण्याची वाट आहे, पाण्याबरोबर दगडही येतात.

आता उजेडाबद्दल. हे नीट वाच, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. त्यामुळे सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असतो आणि ती सावली खाली कोकणात लांबवर पडलेली असते. कातळावर ऊन यायला दुपार उलटावी लागते. तू सकाळी साडेदहाला काढलेला कड्याचा फोटो काळाठिक्कर का आला, त्याचं उत्तर हे. आणखी एक. कडा सरळ नाही, आत वळलेला आहे. आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पश्चिमेच्या साधारण 25 अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनच्या अखेरीस तेवढाच उत्तरेला. म्हणजे वर्षभरात मावळतीची जागा क्षितिजावर 50 अंश सरकते. थंडीत संध्याकाळचं ऊन कड्याच्या उत्तरेकडच्या बाजूवर पडतं, एप्रिल-मेमध्ये दक्षिणेकडच्या. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, होकायंत्र घेऊन स्वतः पडताळ. एकदा हे अंगवळणी पडलं की कोणताही कडा, कोणतंही शिखर नकाशावर बघून तू सांगू शकशील की इथे कोणत्या महिन्यात, किती वाजता यायचं.

मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत आपल्याकडे भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, हे किती जणांच्या लक्षात येतं? एरवी वर्षभर काळवंडलेले उत्तरेकडचे कडे तेव्हा उन्हात येतात. जून-जुलै ढगात जातात, म्हणून हिशेबात धरायचा तो मे. मेमध्ये कोणी डोंगरावर जात नाही, ही लोकांची अडचण आहे, तुझी नाही.

वर्ष पावसापासून सुरू कर. आषाढात गेलीस तर पहिल्या फेरीत बहुधा काहीच दिसणार नाही. धुकं इतकं की पुढच्या माणसाची सॅक दिसत नाही. हरकत नाही, अशा दिवशी जंगलात थांब, कड्यावर जाऊ नकोस. धुक्यात झाडांची खोडं एकामागे एक फिकट होत जातात, मागचा पसारा पुसला जातो आणि एरवी गोंधळ वाटणारी झाडी एकदम सुटी होते. कॅमेऱ्याला मात्र पांढरं धुकं राखाडी करायची खोड असते. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वर घे (एक स्टॉप वर म्हणजे दुप्पट उजेड). लेन्सवर पोलरायझर फिल्टर लाव, पण आकाश निळं करायला नव्हे. ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी त्यानं जाते आणि खरा हिरवा दिसतो. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, तेव्हा ट्रायपॉड हवाच. आणि घरी आल्यावर हिरवा रंग आणखी वाढवू नकोस. श्रावणातला सह्याद्री आधीच इतका हिरवा असतो की जरा जास्त केलं की प्लास्टिक दिसायला लागतं.

पावसातली सामग्री थोडक्यात. एसी गाडीतून उतरलीस की थंड लेन्सवर बाहेरची दमट हवा लगेच वाफ धरते, म्हणून शेवटचा अर्धा तास एसी बंद. रेनकोटपेक्षा मोठी छत्री बरी, फक्त कड्याजवळ ती मिटायची. घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत कोंडून ठेवू नकोस. पुसून, वाळवून, सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात. बुरशी एकदा काचेत शिरली की खर्च लेन्सच्या किमतीला भिडतो.

कड्यावरचा पावसाळी वारा हे वेगळंच प्रकरण. कोकणातून येणारा वारा कड्याला आपटून वर चढतो आणि खाली पडायला निघालेलं पाणी उलटं तुझ्या तोंडावर आणतो. नाणेघाटातही हेच होतं. फोटो मिळतो, पण तोच वारा तुलाही ढकलतो. कडेला ओलं गवत असतं आणि गवताखाली नेमकं काय आहे ते कळत नाही. कडा बघायचा तर पालथं झोपून, कोणीतरी पाय धरलेले असताना. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला. उभं राहून, डोळा कॅमेऱ्याला लावून मागे-पुढे सरकायचं नाही, कधीच. हे एवढं एक मी वडीलकीच्या नात्यानं, न समजावता सांगतो.

पाऊस ओसरताना, भाद्रपद-आश्विनात, सकाळी कड्यावर थांबायला शिक. खाली कोकणात धुकं भरलेलं आणि पाठीमागून कोवळं ऊन, असं जुळलं तर समोरच्या धुक्यावर गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि त्याच्या मधोमध तुझीच सावली. इंद्रवज्र ते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या हवामानावर लिहिलेल्या निबंधात हरिश्चंद्रगडावरून दिसलेल्या अशा वर्तुळाचं वर्णन केलं आहे, तो निबंध 1835 मध्ये छापला गेला. गंमत अशी की दोघी शेजारी उभ्या राहिलात तरी मध्यभागी प्रत्येकीला आपल्याच डोक्याची सावली दिसते. कॅमेऱ्याचा फोकस धुक्यात भरकटतो, तो हातानं लांबवर लावून ठेव आणि एक्स्पोजर या वेळी किंचित खाली घे, म्हणजे रंग टिकतील. दिसेलच याची खात्री नाही. दिसलं नाही म्हणून फेरी वाया गेली असं लिहिलंस तर मी उत्तर देणार नाही.

याच दिवसांत सोनकी, तेरडा, कवला यांनी पठारं भरतात. करवी मात्र तुझ्या सोयीनं फुलत नाही. साधारण सात वर्षांनी एकदा, सगळी मिळून, आणि मग मरते. कुठल्या भागात कधी, ते गावात विचार. पठारावरची माती बोटभर जाडीची असते, खाली लगेच कातळ. फुलांत बसून काढलेल्या फोटोमागे पुढच्या वर्षी फूल न उगवणारा एक चट्टा राहतो. कासला माणसांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली ती उगीच नाही.

दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि माझ्या मते खरा हंगाम तेव्हा सुरू होतो, सगळे हिरव्यामागे धावून दमलेले असताना. तिरप्या उन्हात ते सोनेरी गवत आणि बेसॉल्टचे आडवे थर असे उठून दिसतात की डोंगर कसा बनला ते डोळ्यांनी वाचता येतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचे हे टप्पे. कठीण थराचा कडा होतो, ठिसूळ थराचा उतार, त्या उतारावर माती धरते आणि झाडी वाढते. म्हणून आपल्याकडे झाडीचे पट्टेही आडवेच असतात. हे कळलं की फ्रेममधल्या आडव्या रेघा आपोआप दिसू लागतात.

थंडीत तारामतीवर जा. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई दिसतात. इथे रुंद लेन्स बॅगेतच ठेव. तिच्यात लांबचे डोंगर मुंगीएवढे होतात आणि मग आपण वरचं आकाश दाखवत बसतो. लांब पल्ल्याची लेन्स लाव. सगळे ज्याला कंटाळतात ते धुरकट वातावरण इथे कामाला येतं, कारण प्रत्येक रांग मागच्या रांगेपेक्षा गडद होत जाते. आता कळलं का, लेन्सचं नंतर बघू असं का म्हणालो? घ्यायचीच तर ही घे, आणि वापरलेली घे.

फाल्गुनापासून लोक डोंगराकडे पाठ फिरवतात. तू जा. कुसुंबाची नवी पालवी लालबुंद असते, पांगारा आणि काटेसावर फुललेले असतात, वणव्यानं काळ्या पडलेल्या उतारांवर तो लाल रंग विलक्षण दिसतो. वणव्याचाही फोटो काढ, तोही या डोंगराचा एक ऋतू झालाय, दुर्दैवानं. या दिवसांत पाणी जास्त ने आणि कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं आहे का ते आधी बघ. तिथे धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. मेअखेरीस वळवाचे ढग जमू लागले की दुपारी दोनच्या आत माथा सोड. वीज ट्रायपॉड आणि माणूस यांत फरक करत नाही. भंडारदरा परिसरात काजवे तेव्हाच चमकू लागतात. फ्लॅश आणि टॉर्च दोन्ही बंद ठेवणार असशील तरच जा.

पाचनईत घरगुती जेवण मिळतं. ज्या मावशींच्या घरी जेवशील त्यांच्याकडे दर वेळी जा. पैशांची घासाघीस करू नकोस आणि भाकरी थापतानाचा फोटो काढायचा तर आधी विचार. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला त्याच तुला सांगतील की परवा कड्यावर सकाळी धुकं होतं, किंवा अमुक वाट पावसानं मोडली आहे. हवामानाच्या कुठल्याही ॲपवर हे मिळत नाही. हा सगळा भाग अभयारण्यात येतो, मुक्कामाचे आणि तंबूचे नियम बदलत राहतात, तेही निघण्याआधी तिथेच विचारून घे. चूल पेटवायची नाही.

दर फेरीला एक जागा ठरलेली ठेव. कड्यावरचा एखादा दगड, पुष्करणीचा एखादा कोपरा, काहीही. तिथून तोच फोटो त्याच लेन्सनं काढायचा. बाकी दिवसभर काय हवं ते कर. मला पाठवताना मात्र निवडून, कापून, रंगवून पाठवू नकोस. त्या ठरलेल्या जागेचे सगळे फोटो पाठव, खाली तारीख, वेळ आणि वारा कुठून होता एवढं लिही. पहिली खेप जुलैअखेरपर्यंत आली पाहिजे. एकटी जाऊ नकोस, आणि कोणत्या वाटेनं चढणार, कोणत्या वाटेनं उतरणार ते घरी लिहून ठेवून नीघ.

तुझा,
काका