गवंडीकामाच्या आणि गिलाव्याच्या हातअवजारांना आरामदायी व हलकी मूठ कशी करावी?

आपण प्रश्नाच्या तपशिलात लिहिले आहे की आपण उत्पादन-रचनेचे विद्यार्थी आहात, थापी (माल उचलून पसरण्याचे), रंधा (गिलावा घासून सपाट करण्याची लाकडी फळी) आणि गुरमाळा (गिलावा गुळगुळीत करण्याची पोलादी पाटी) या तिन्ही अवजारांसाठी एकच पोकळ प्लॅस्टिकची मूठ थ्रीडी प्रिंटरवर काढण्याचा आपला विचार आहे, तिचे वजन लाकडी मुठीच्या निम्मे असेल आणि बोटे बसण्यासाठी तिच्यावर चार खाचा असतील. साहित्य कोणते वापरावे, एवढेच आपण विचारले आहे. साहित्याकडे मी येतो, परंतु त्याआधी निम्मे वजन आणि चार खाचा यांविषयी बोलणे मला भाग आहे, कारण नेमक्या याच दोन गोष्टींवरून मी नोकरीच्या ठिकाणी दीर्घकाळ वाद घातला आहे आणि त्या वादाचा निकाल माझ्या मते चुकीच्या बाजूने लागला.

हातअवजारे तयार करणाऱ्या एका कारखान्यात नमुन्यांची चाचणी घेण्याचे काम माझ्याकडे होते. तेथील रचना विभागाच्या प्रमुखांनी थापीसाठी जवळजवळ आपल्यासारखीच मूठ करवून घेतली होती. आतून पोकळ, वरून मऊ रबराचा थर आणि खालच्या बाजूला बोटांच्या खाचा. तराजूवर ती जुन्या बीचच्या लाकडी मुठीच्या निम्मी भरत असे. बैठकीत ती हातोहात फिरली आणि सर्वांनी माना डोलावल्या. अर्थात त्या बैठकीतल्या कोणीही त्या थापीवर माल, म्हणजे कालवलेले सिमेंट-वाळू, उचललेला नव्हता. मी जुनी आणि नवी मूठ बसवलेल्या, पण एकाच पात्याच्या दोन थाप्या एका बांधकामावर घेऊन गेलो आणि तेथील वयस्क मिस्त्रींना कोणती हलकी वाटते, एवढेच विचारले. त्यांनी नवी थापी हातात घेऊन रिकामेच मनगट फिरवले आणि "ही तोंडाला जड आहे," असे म्हणून लगेच परत केली. हलकी म्हणून त्यांनी जुनी थापी बाजूला काढली. मी काही बोलण्याआधीच त्यांनी दोन्ही थाप्या आळीपाळीने तर्जनीवर आडव्या ठेवल्या, जेथे त्या तोलल्या गेल्या तेथे खिळ्याने ओरखडा काढला आणि दोन्ही पाती शेजारी शेजारी धरून मला दाखवली. नव्या थापीवरचा ओरखडा चांगला दोन बोटे पुढे, पात्याच्या टोकाच्या दिशेने सरकलेला होता.

मी ते दोन्ही नमुने तसेच प्रमुखांच्या टेबलावर ठेवले. त्यांचे उत्तर असे होते की कारागिराला सवयीमुळे भास होतो, आणि वजन म्हणजे वजन, तराजू खोटे बोलत नाही. तराजू खोटे बोलत नाही हे मलाही मान्य आहे, पण मनगटाला तराजूवरचा आकडा कळत नाही, त्याला पीळ कळतो, आणि पीळ हा वजन गुणिले अंतर असा असतो. समजा पाते आणि मान (पात्याला मुठीशी जोडणारी वाकवलेली सळई) मिळून २५० ग्रॅम आहेत आणि त्यांचा भारमध्य तर्जनीच्या १० सेंटिमीटर पुढे आहे. तर्जनीच्या ६ सेंटिमीटर मागे भारमध्य असलेली १२० ग्रॅमची मूठ त्यातला काही भार परत खेचते. २५०० वजा ७२०, म्हणजे १७८० ग्रॅम-सेंटिमीटर इतका पुढचा ओढा मनगटाच्या वाट्याला येतो. मूठ ६० ग्रॅमची केली की तोच ओढा २१४० होतो. अवजार एकूण हलके झाले, आणि रिकाम्या थापीचा मनगटावरचा ओढा मात्र एकपंचमांशाने वाढला. विटांमधले सांधे दरजणे (मालाने भरून सारखे करणे), विटेबाहेर आलेला माल कडेने कापणे, थापी उलटीसुलटी करणे ही सारी कामे थापी रिकामी किंवा जवळजवळ रिकामी असतानाच होतात, त्यामुळे हा फरक दिवसभर हाताला जाणवत राहतो.

भरलेल्या थापीची गोष्ट वेगळी आहे. ओला माल पाण्याच्या सुमारे दुप्पट जड असतो, म्हणजे अर्धा लिटर माल घेतला की १ किलो झाले. तो तर्जनीच्या १५ सेंटिमीटर पुढे असेल तर १५००० ग्रॅम-सेंटिमीटरचा पीळ पडतो, आणि त्यापुढे मुठीतल्या ६० ग्रॅमची कपात किंवा भर यांपैकी कशालाच अर्थ उरत नाही. तेथे उपाय अंतर कमी करण्याचा आहे. मान आखूड ठेवावी, मूठ पात्याच्या टाचेजवळ, म्हणजे मुठीकडच्या कडेजवळ, आणावी आणि टाच रुंद ठेवावी, म्हणजे माल मुठीच्या जवळ बसतो. चौकोनी टाचेची फिलाडेल्फिया घडण आणि गोलसर टाचेची लंडन घडण या दोन्ही थाप्या हातात घेऊन, त्यांवर तेवढाच माल घेऊन पाहा. मुठीच्या रचनेचे निम्मे काम पात्याच्या रचनेत होते हे आपल्याला वेगळे सांगावे लागणार नाही. मान आखूड करताना बोटांची पेरे मालात बुडणार नाहीत एवढी उंची मात्र राखावी लागते, आणि त्यासाठी मानेची वळणे चार-दोन मिलिमीटरने खालीवर करत बसावे लागते. हे कंटाळवाणे काम टाळण्यासाठीच लोक मुठीच्या रंगाकडे आणि रबराकडे वळतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता खाचा. त्या मिस्त्रींची स्वतःची थापी मी नीट न्याहाळली होती. मुठीच्या वरच्या अंगाला, शेंबीच्या (मुठीच्या पुढच्या टोकावरील धातूच्या कड्याच्या) लगत, अंगठ्याने लाकूड झिजवून एक उथळ सपाट जागा केली होती. खालचे अंग मात्र सर्वत्र सारखेच गुळगुळीत होते, कारण बोटे एका जागी कधीच थांबलेली नव्हती. माल उचलताना हात पुढे, शेंबीला टेकतो. पसरताना तळहात वळतो आणि मूठ बोटांत फिरते. वीट ठोकून बसवताना हात किंचित मागे घसरतो. मूठ कोठे धरायची हे काम ठरवते, आणि खाचा मात्र ती एकाच जागी धरण्याची सक्ती करतात. शिवाय त्या खाचा कोणाच्या तरी एका हाताच्या मापाच्या असतात. त्याहून मोठ्या किंवा लहान हातात खाचांमधला उंचवटा दोन बोटांच्या मध्ये येण्याऐवजी नेमका बोटाखाली येतो आणि सगळा दाब त्या रेघेवर पडतो. अमेरिकेतील नायॉश या व्यवसायजन्य आरोग्याच्या संस्थेने २००४ साली हातअवजारे निवडण्याविषयी जी पुस्तिका काढली, तिच्यातही बोटांच्या खाचा नसलेली मूठ निवडण्याचा सल्ला आहे. जोर लावण्याच्या एकदांडी अवजारांसाठी ३२ ते ५१ मिलिमीटर व्यास आणि तळहाताच्या सर्वांत रुंद भागाहून जास्त, म्हणजे साधारण १०० ते १५० मिलिमीटर लांबी, अशी मापेही त्याच पुस्तिकेत दिलेली आहेत. थापीसाठी मी व्यासाच्या खालच्या टोकाजवळ राहीन आणि छेद पूर्ण गोल न ठेवता लंबगोल ठेवीन, कारण पात्याच्या एका बाजूला माल आला की गोल मूठ हातात फिरू पाहते आणि तिला थोपवण्यासाठी बोटे विनाकारण आवळावी लागतात. लांबी मात्र आखूड करू नये. मुठीचे टोक तळहाताच्या मध्यावर संपले तर ते तेथेच रुतते, आणि मनगटातून बोटांकडे जाणारी नस त्याच भागातून जाते.

रबराचा थर आमच्या नमुन्यावर पहिल्या काही तासांत सर्वांना आवडला. पुढे त्यात बारीक वाळू रुतली आणि तो पॉलिश-कागदाप्रमाणे तळहात घासू लागला. मुठीच्या मागच्या टोकाने वीट ठोकण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि ती सोडा असे सांगणारा कारखाना कारागिरांना ओळखत नाही. पोकळ मूठ त्या ठोक्यांनी टोकाशी तडकली, तेव्हा प्रमुखांनी त्याला गैरवापर म्हटले. मूठ अखेर तशीच बाजारात गेली. म्हणून आपण तरी टोकाला भरीव आणि चिवट टोपी द्यावी. तिचे वजन मुठीच्या अगदी मागे पडत असल्याने तोलही सुधारतो.

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो. ३५ मिलिमीटर व्यासाच्या आणि १२५ मिलिमीटर लांबीच्या भरीव मुठीचे घनफळ सुमारे १२० घन सेंटिमीटर असते. बीचच्या लाकडात ती ८५ ग्रॅमच्या आसपास भरते आणि भरीव नायलॉनमध्ये १३५ ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे लाकूड मुळातच हलके आहे. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीत घ्याव्यात, पात्याची सळई जेथे लाकडात शिरते तेथे शेंबी घट्ट बसवावी म्हणजे मूठ चिरत नाही, आणि वार्निशऐवजी जवसाचे तेल मुरवावे, कारण वार्निशचा गुळगुळीत थर ओल्या हाताला घसरतो आणि घर्षणाने फोड आणतो. प्रिंटरवरचे नेहमीचे पीएलए प्लॅस्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि त्याचे थर ठोक्याने सुटतात. नमुन्याचा आकार पाहण्यापुरतेच ते वापरावे.

तिन्ही अवजारांना एकच मूठ हा विचार तर सोडूनच द्या. रंधा आणि गुरमाळा यांची मूठ पात्याच्या पाठीवर असते, तेथे मनगटावर पीळ फारसा येत नाही आणि प्रश्न दाबाचा असतो. बोटांची पेरे आणि पाठ यांच्यात पुरेशी फट हवी, आणि मूठ लांबीच्या मध्यावर बसलेली हवी, म्हणजे दाब दोन्ही टोकांना सारखा जातो. छताचा गिलावा करताना हात खांद्याच्या वर असतो, त्यामुळे येथे मात्र प्रत्येक ग्रॅम खरोखरच मोजावा, आणि येथे आमच्या प्रमुखांचा तराजू पूर्णपणे बरोबर होता. मुठीसाठी बूच उत्तम. ते लाकडाच्या एकतृतीयांशाहूनही हलके असते आणि ओल्या हातातही पकड देते, फक्त कडा झिजतात. पाठीच्या पट्टीसाठी ॲल्युमिनियम घेतले तर ओल्या सिमेंटचा १२ ते १३ सामू (पीएच), म्हणजे तीव्र क्षार, त्याला खातो, म्हणून अवजार रोज धुवावे लागते. मॅग्नेशियम त्याहूनही हलके असून अशा क्षारात बरेच टिकून राहते.

वरची माझी बेरीज-वजाबाकी उघड्या हाताची आहे. सिमेंटच्या क्षारामुळे हातमोजे वापरणे योग्यच आहे, आणि मोजे घातले की पकडीचा प्रत्यक्ष व्यास वाढतो, तेव्हा मूठ तेवढी बारीक करावी लागते; लहान हातांसाठी वेगळे माप काढणे हाच खरा उपाय आहे. ज्यांच्या बोटांना आधीच मुंग्या येतात त्यांना मूठ बदलून फार तर थोडा आराम मिळेल, त्यांनी डॉक्टरांना दाखवावे. आणि आपले नमुने मिस्त्रींच्या हाती देताना त्यांचे वजन आधी सांगू नका, प्रत्यक्ष माल घेऊन पूर्ण पाळीभर काम करू द्या, आणि संध्याकाळी तळहात कोठे लाल झाला आहे ते पाहून मगच मुठीला कानस लावा.