होमस्टेसाठी विकतचे रिव्ह्यू घ्यावेत का? पकडले जातो का?

तुमचा प्रश्न असा आहे : गुहागरकडचं वडिलोपार्जित घर डागडुजी करून तुम्ही होमस्टे सुरू केलात. गुगलवर तुमचे मोजून अकरा रिव्ह्यू, रस्त्यापलीकडच्या रिसॉर्टचे चारशे. एक एजन्सी पन्नास पाच-स्टार रिव्ह्यू विकायला आली आहे, 'नॉन-ड्रॉप' (म्हणजे टाकलेले रिव्ह्यू गळणार नाहीत) अशा गॅरंटीसह. घ्यावेत का, पकडले जातो का, आणि सगळेच घेत असतील तर गिऱ्हाईक म्हणून आपण तरी या रिव्ह्यूंवर किती विसंबायचं?

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या छोट्या लॉजची आणि खानावळींची ऑनलाइन नोंदणी, फोटो, बुकिंग अशी कामं बघतो. त्यामुळे या एजन्सीवाल्यांचे मेसेज मलाही येतात. माझं उत्तर : घेऊ नका. मात्र पकडले जाल म्हणून नाही. ते रिव्ह्यू कामी आले तर जास्त पंचाईत होईल, म्हणून.

आधी एक कबूल करू, तुम्हाला मोह झाला यात काही वावगं नाही. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांचे 'येल्प' या रिव्ह्यूंच्या साइटवरचे स्टार आणि सरकारदफ्तरी असलेले त्यांच्या धंद्याचे आकडे ताडून पाहिले होते. एक स्टार वाढला की धंदा 5 ते 9 टक्क्यांनी वाढतो असं त्यांना दिसलं. त्यातली खोच अशी की हा फायदा स्वतंत्र, एकट्या रेस्टॉरंटांना झाला. साखळी हॉटेलांना स्टारने फारसा फरक पडला नाही. बरोबरच आहे. नावाजलेल्या हॉटेलात काय मिळणार हे लोकांना आधीच ठाऊक असतं. तुमच्या घराबद्दल पुण्याच्या माणसाला काहीच ठाऊक नसतं, म्हणून स्टारची गरज तुम्हाला जास्त आणि एजन्सीचा गळही तुमच्यासाठीच.

आता खोटे रिव्ह्यू चालले तर काय होतं ते बघा. लंडनमध्ये 2017 साली ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने स्वतःच्या बागेतल्या शेडचं रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायझर या प्रवाशांच्या रिव्ह्यू-साइटवर नाव नोंदवलं. 'द शेड ॲट डलिच'. ना स्वयंपाकघर, ना आचारी. ओळखीच्यांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेत त्याने काही महिन्यांत ती शेड लंडनमधलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट करून दाखवली. हा पठ्ठ्या पूर्वी पैसे घेऊन रेस्टॉरंटांचे खोटे रिव्ह्यू लिहीत असे, त्यामुळे हात बसलेला होता. हा किस्सा सांगून लोक म्हणतात, बघा, सगळं कसं खोटं असतं! मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. फोन आला की तो म्हणायचा, सगळं बुक आहे. पहिला क्रमांक मिळेपर्यंत खरं गिऱ्हाईक आत शिरलंच नाही, म्हणून खोटा क्रमांक चढत गेला. तुम्हाला तर पाहुणे हवेत. ते आले, की पन्नास खोट्या रिव्ह्यूंची पडताळणी त्यांच्याच हातून सुरू होते.

याचा पद्धतशीर अभ्यासही झालेला आहे. शेरी हे, ब्रेट हॉलनबेक आणि दाविदे प्रॉसर्पियो या तिघा संशोधकांनी फेसबुकवरच्या खासगी गटांवर नजर ठेवली. तिथे ॲमेझॉनवरचे विक्रेते 'वस्तू घ्या, पाच स्टार द्या, पैसे परत देतो' असा सौदा करत. सुमारे दीड हजार वस्तूंचं पुढे काय झालं ते त्यांनी तपासलं. खोटे रिव्ह्यू चालू असेपर्यंत सरासरी आणि विक्री दोन्ही चढली. रिव्ह्यूंची खरेदी थांबताच सरासरी घसरली आणि एक-स्टार रिव्ह्यूंचं प्रमाण वाढलं. ॲमेझॉनने बरेच रिव्ह्यू काढूनही टाकले, पण सरासरी शंभराहून जास्त दिवसांनी. म्हणजे तो चाप बसायच्या आधीच गिऱ्हाइकाने स्वतः निकाल दिलेला असतो.

हेच कोकणात आणून बघा. विकतचा रिव्ह्यू लिहिणारा माणूस गुहागर कुठे आहे हे बघायलाही जात नाही. तो लिहितो 'लक्झुरियस स्टे', 'फाइव्ह स्टार फॅसिलिटी', 'बेस्ट इन कोकण'. ते वाचून ठाण्याचं एक कुटुंब येतं. त्यांना एसी, शॉवरला जोरात गरम पाणी, वेळी-अवेळी रूम सर्व्हिस हवी. तुमच्याकडे आहे चिऱ्याचं घर, पडवीतला झोपाळा, बंबाचं पाणी, सकाळी घावणे आणि बाजारात जे मासे येतील ते. मनापासून यासाठी शंभर मैल येणारा पाहुणाही असतो. पण तो 'लक्झुरियस' वाचून पुढे सरकतो आणि नको तोच तुमच्या दारात उतरतो. रात्री लाइट गेली की त्याचा एक स्टार ठरलेला. तो त्याच्या जागी खोटा नसतो, त्याला सांगितलं एक आणि मिळालं एक. मग तो एक स्टार झाकायला एजन्सीकडून आणखी वीस रिव्ह्यू. हे चक्र एकदा फिरायला लागलं की त्यातून बाहेर पडणं महागात जातं.

पकडले जाण्याबद्दल. 'नॉन-ड्रॉप' ही गॅरंटी मुळात द्यावी का लागते? कारण रिव्ह्यू गळतात. गुगलने नियमबाह्य म्हणून 2023 साली 17 कोटींवर आणि 2024 साली 24 कोटींवर रिव्ह्यू अडवले किंवा काढले, असं त्यांनीच जाहीर केलं आहे. नुसते रिव्ह्यू उडाले तर पैसे गेले म्हणून सोडून देता येईल. पण गुगलच्या नियमांत पुढची पायरीही आहे : तुमच्या प्रोफाइलवर काही काळ नवे रिव्ह्यू बंद, असलेले रिव्ह्यू काही काळ अदृश्य, आणि 'इथले खोटे रिव्ह्यू काढले आहेत' अशी सूचना पाहुण्यांना दिसेल अशा जागी. तुमचे अकरा खरे रिव्ह्यूसुद्धा त्यात झाकले जातील. ऐन मे महिन्यात असं झालं तर हंगामच गेला.

आणि यंत्राला कळायच्या आधी माणसालाच कळतं. रिव्ह्यू देणाऱ्याच्या नावावर टिचकी मारा. त्याच आठवड्यात त्याने इंदूरच्या दातांच्या दवाखान्याला, राजस्थानातल्या मार्बलच्या दुकानाला आणि तुमच्या होमस्टेला पाच-पाच स्टार दिलेले सापडतात. एवढं फिरणारा माणूस एसटीत कंडक्टरही नसेल.

कायद्याचं बोलायचं तर उद्या सकाळी तुमच्या दारात नोटीस येईल अशी भीती मी घालणार नाही. पण तरतूद आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तर स्पष्ट लिहिलंय की ई-कॉमर्स मंचावरच्या विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायचे नाहीत. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक आणलं, पण ते रिव्ह्यू छापणाऱ्या मंचांसाठी आणि ऐच्छिक म्हणून आलं, त्यामुळे त्याचा धाक फार कुणी घेतला नाही. प्राधिकरणापेक्षा रागावलेला पाहुणा जवळचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला त्याला फी लागत नाही, आणि घरबसल्या ऑनलाइन दाखल करता येते.

बाहेरच्या देशांत मात्र हात जड पडू लागलाय. इटलीत लेच्चेच्या न्यायालयाने हॉटेलांना खोटे रिव्ह्यू विकणाऱ्या एकाला नऊ महिन्यांची कैद सुनावली, हे 2018 साली जगभर गाजलं. अमेरिकेत ऑक्टोबर 2024 पासून खोट्या रिव्ह्यूंची खरेदी-विक्री बंद करणारा स्वतंत्र नियम लागू आहे. त्याआधीच तिथे फॅशन नोव्हा या कपड्यांच्या कंपनीला 42 लाख डॉलर मोजावे लागले होते. त्यांनी खोटं काही लिहून घेतल्याचा आरोप नव्हता. चार स्टारच्या खालचे खरे रिव्ह्यू त्यांनी साइटवर येऊच दिले नाहीत, एवढाच. तुमच्या एजन्सीने 'खूश पाहुण्यालाच लिंक जाईल असं सॉफ्टवेअर' देऊ केलं असेल तर हे लक्षात असू द्या. गुगललाही ते चालत नाही.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हे पन्नास जण कोण असतात? काही पगारी असतात, काही बनावट खाती. पण टेलिग्रामवर 'घरबसल्या काम, हॉटेलला रेटिंग द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पैसे मिळवा' अशी जी जाळी लावली जातात, त्यांतली माणसंही अशी रेटिंगं देत असतात. पहिल्या दोन-चार कामांचे शे-दीडशे खरोखर खात्यात येतात. मग 'प्रीपेड टास्क' सुरू होतो, आधी पैसे भरा, जास्त परत मिळतील. पुण्यामुंबईत यात लाखो रुपये घालवलेले लोक आहेत, निवृत्त आहेत, आयटीतले आहेत, गृहिणी आहेत. अशा जाळ्यात आमिष म्हणून आपल्या घराचं नाव वापरलं जावं, हे मला तरी पटणार नाही.

शिवाय या धंद्यातली माणसं उलटतात. पाच स्टार देणाऱ्याकडे एक स्टार द्यायलाही तीच खाती असतात. 'पुढच्या महिन्याचं पॅकेज घेतलं नाहीत तर बघा' असा मेसेज आला की तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

मग गिऱ्हाईक म्हणून रिव्ह्यूंवर किती विसंबायचं? सरासरीवर थोडं, मजकुरावर बरंच. कॉर्नेल विद्यापीठात 2011 साली शिकागोच्या हॉटेलांचे 400 खरे आणि 400 पैसे देऊन लिहवून घेतलेले खोटे रिव्ह्यू एकत्र करून त्यांतले काही लोकांना ओळखायला दिले. माणसांचा निकाल छापा-काटा केल्यासारखाच लागला. संगणकाने मात्र जवळजवळ 90 टक्के ओळखले. त्यात एक मजेशीर गोष्ट दिसली : खोटं लिहिणारे 'नवऱ्याबरोबर आलो', 'ऑफिसच्या कामासाठी आलो' असं आपल्याबद्दल लिहितात, तर खरोखर राहून गेलेले बाथरूम, मजला, खोली लहान की मोठी, असं जागेबद्दल बोलतात. जो राहिलेलाच नाही त्याला बाथरूम कुठून आठवणार? म्हणून मी स्वतः दोन, तीन आणि चार स्टारवाले रिव्ह्यू आधी वाचतो. 'समुद्र दहा मिनिटांवर, पण परतताना चढ आहे, आईचे गुडघे दुखले' हे वाक्य कुठलीही एजन्सी विकत नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून बाथरूमसकट सगळं लिहून घेता येतं, त्यामुळे ही खूण पूर्वीइतकी पक्की राहिलेली नाही. पाहुण्यांनी टाकलेले फोटो, तारखा आणि मालकाने दिलेली उत्तरं जोडीला बघावी लागतात.

तर तुमच्या अकरा रिव्ह्यूंचं काय करायचं? निघताना प्रत्येकाला सांगा, फक्त हसत निघणाऱ्यालाच नाही. क्यूआर कोड ओसरीवर लावा. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत किंवा कोकमाची बाटली देऊ नका, तेही नियमात बसत नाही. मुंबईच्या चुलतभावांना तर मुळीच सांगू नका. एकाच आडनावाचे सात पाच-स्टार बघून कुणालाही कळतं. माहितीत तुमच्या उणिवा तुम्हीच लिहा : एसी नाही, शेवटचा रस्ता कच्चा आहे, नेटवर्क फक्त अंगणात. असं लिहिणाऱ्यांची बुकिंगं कमी होतात असा माझा अनुभव नाही, चौकशीचे निरर्थक फोन मात्र नक्की कमी होतात. वाईट रिव्ह्यू आला तर दोन वाक्यांत, भांडण न करता उत्तर द्या. तो मुळात पाहुणाच नव्हता असं वाटत असेल तर 'रिपोर्ट' करा. बुकिंगच्या वहीतल्या तारखांचा फोटो जवळ ठेवा, कारण नुसतं 'हा खोटा आहे' म्हटल्याने गुगल हलत नाही.

आणि बोलण्या-बोलण्यात तुम्ही त्या एजन्सीला प्रोफाइलचं 'मॅनेजर' करून ठेवलं असेल तर आजच काढा. मालक म्हणून तुमचाच ईमेल आहे ना, ते सेटिंगमध्ये जाऊन तपासा. ओटीपी मागितला तर देऊ नका. धमकीचा मेसेज आला तर उत्तर देऊ नका, पैसे भरू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. अशा खंडणीची तक्रार करायला गुगलचा वेगळा फॉर्म आहे. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर कराल तितकी रक्कम अडवणं अवघड होत जातं.