बिल्ड फेल झालं? आधी पहिली एरर शोध

अरे, लिनक्सवर बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं) अडलं तर घाबरू नकोस. सगळे शेवटची ओळ वाचतात. खरी एरर बहुतेक वेळा पहिली असते. समांतर बिल्डमध्ये, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालतात तेव्हा, ती मधेच हरवते, म्हणून 'मेक -जे१' (make -j1, एका वेळी एकच काम) देऊन पुन्हा चालव.

'जागा नाही' म्हणतंय? 'डीएफ -एच' (df -h, डिस्कवर किती जागा उरली ते दाखवतं) बघ. जागा शिल्लक दिसली तर 'डीएफ -आय' (df -i): लाखो बारक्या फायलींनी आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणारी डिस्कवरची नोंद) संपतात. कोथरूडच्या खोलीवर मी अख्खी रात्र मोठ्या फायली उडवत बसलो होतो, उगाच!

आणि हे दोन टाळच:
- परवानगी नाकारली की लगेच 'सुडो' (sudo, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या हक्काने कमांड चालवणं). रूटच्या मालकीच्या फायली मागे राहतात, पुढचं बिल्ड त्यांच्यावरच अडतं.
- माउंट केलेल्या (सिस्टिमला जोडून वापरात असलेल्या) डिस्कवर 'एफएससीके' (fsck, फाइलसिस्टम तपासणारी कमांड) दुरुस्ती. आधी बॅकअप, मग अनमाउंट.

अडलास तर पूर्ण लॉग घेऊन शनिवारी डेक्कनला ये. चहा तुझ्याकडून.