नवा प्रोटीन स्किमर सकाळी कप भरून वाहतो आणि रात्री फेसच धरत नाही. मशीन खराब आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खारघरच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी, त्यात क्लाऊनफिशची जोडी, एक टँग आणि दोन डॅमसेल. खाली सम्प, म्हणजे वरच्या टाकीतलं पाणी जिथे उतरून गाळलं जातं ती कप्प्यांची दुसरी टाकी. आठवड्यापूर्वी स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर वरच्या कपात काढणारं यंत्र, आणून रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी परत वर चढवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यात ठेवला. सकाळी सहाला तुम्ही उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी ओतता आणि आठला घराबाहेर पडेपर्यंत कप जवळजवळ साध्या पाण्याने भरून वाहतो. रात्री येऊन पाहावं तर फेस कपाखालच्या अरुंद गळ्याच्याही खालीच. मग तुम्ही स्किमरमधून पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह थोडा आवळता, सकाळी पुन्हा सैल करता. आता मशीन दुकानदाराला परत करायचा विचार आहे.

परत करू नका. तुम्ही लिहिलेल्या वेळांतच उत्तर आहे. स्किमर तुमच्या कप्प्यातल्या पाण्याची पातळी जशी हलते तसा वागतोय.

सम्पमधल्या आधीच्या कप्प्यांत पाणी मधल्या काचांच्या उंचीवर अडलेलं असतं, त्यामुळे तिथली पातळी हलत नाही. वरच्या टाकीतही ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी खाली सोडणाऱ्या काठाच्या, दातांपाशी ती ठरलेली. म्हणजे दिवसभरात जेवढं पाणी उडतं, तेवढी सगळी घट एकट्या रिटर्नच्या कप्प्यात दिसते. तुम्ही त्याचं माप १२ बाय १८ इंच दिलंय, म्हणजे साधारण ३० बाय ४५ सेंटिमीटर. तिथे एक लिटर पाणी कमी झालं की पातळी सात-साडेसात मिलिमीटर उतरते. माझ्याकडे, घोडबंदर रोडला, पंखा लावलेल्या चार फुटी टाकीतून मे महिन्यात रोज चारेक लिटर उडतात, पावसाळ्यात त्याच्या निम्म्याहून कमी. चार लिटर म्हणजे तुमच्या कप्प्यात तीन सेंटिमीटर, इंचाहून जास्त. बाहेरची पातळी उतरली की स्किमरच्या आतलीही तेवढीच उतरते. ज्या यंत्राचं काम अर्ध्या इंचाच्या फरकाने बिघडतं, त्याच्या खालचं पाणी तुम्ही रोज इंचभर वरखाली करताय. मग व्हॉल्व्ह कितीही फिरवला तरी तो जागेवर कसा येणार?

आतमध्ये काय चालतं ते एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढचं सगळं सोपं जातं. माझं आजोळ कागलजवळ. लहानपणी गुऱ्हाळावर बसून गुळव्याचं काम बघायचो. काहिलीत रस तापायला लागला की तो भेंडीच्या झाडाचा चिकट रस त्यात घालायचा, मळी फेसाबरोबर वर यायची आणि तो ती अलगद काढून घ्यायचा. स्किमर तेच करतो, फक्त उष्णतेऐवजी हवेच्या बारीक बुडबुड्यांनी. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, अंगावरचा बुळबुळीत स्राव यांतल्या बऱ्याच सेंद्रिय रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, कारण तिथे एक टोक पाण्यात आणि दुसरं हवेत ठेवता येतं. बुडबुडे वर चढतात, गळ्यात दाटतात, त्यांच्यामधलं पाणी निथळून खाली जातं आणि उरलेला घट्ट फेस कपात पडतो. ही घाण कुजून तिचं अमोनिया आणि पुढे नायट्रेट व्हायच्या आत बाहेर निघते, हा स्किमरचा खरा फायदा. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, म्हणून तिथे हे जमतं. गोड्या पाण्याच्या टाकीत हाच स्किमर ठेवला तर भसाभस मोठे बुडबुडे येतील आणि हाती काही लागणार नाही.

आता तो नीट बसवू या. सगळ्यात आधी जागा बदला. वरून पाणी जिथे उतरतं त्या कप्प्यात, फिल्टर सॉकच्या, म्हणजे गाळणीच्या पिशवीच्या, पुढे, जिथे पातळी काचेने बांधलेली आहे तिथे ठेवा. मग पट्टीने खोली मोजा. तुमच्या मॉडेलच्या कागदावर किती इंच पाणी हवं ते लिहिलेलं असतं. सम्पमध्ये ठेवायच्या बहुतेक स्किमरांना सात ते नऊ इंच लागतं. पाणी जास्त खोल असेल तर खाली पाट द्यायचा. मी ॲक्रिलिक कापून देणाऱ्याकडून दोन इंची पाट करून घेतला, चार पायांचा, म्हणजे खालून पाणीही खेळतं. स्किमर त्या कप्प्यात मावतच नसेल तर रिटर्नमध्येच राहू द्या, पण मग फ्लोट स्विचवाला ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे पातळी उतरली की आपोआप गोडं पाणी भरणारी सोय, लावावाच लागेल. रोज सकाळी तांब्याने पाणी ओतून तिथे स्किमर कधीच स्थिर होणार नाही.

जागा पक्की झाली की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. गोंधळ इथेच होतो, म्हणून स्पष्ट सांगतो: व्हॉल्व्ह आवळला की बाहेर जाणारं पाणी अडतं, आतली पातळी चढते आणि फेस ओला होतो. सैल केला की पातळी उतरते आणि फेस कोरडा होतो. पहिले तीन दिवस तो उघडाच ठेवा आणि हात लावू नका. चौथ्या दिवशी थोडा थोडा आवळत, रुंद भाग संपून गळा सुरू होतो तिथवर बुडबुड्यांची पांढरी रेघ आणा. त्यानंतर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचं नाही, आणि फिरवल्यावर पूर्ण एक दिवस वाट पाहायची. आज फिरवलेल्याचा परिणाम आजच दिसत नाही. तुम्ही दिवसाला दोनतीनदा फिरवत होतात, म्हणजे आधीचा परिणाम दिसायच्या आतच त्यावर दुसरा चढवत होतात.

नवा स्किमर पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, वेडावाकडा वागतो. प्लास्टिकवर कारखान्यातला तेलकट थर असतो, शिवाय आतल्या भिंतींवर जिवाणूंचा पातळ थर धरावा लागतो. तुम्ही तो न धुता लावलाय असं दिसतं. एकदा काढून पांढरं व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास फिरवा, साध्या पाण्याने धुवा आणि परत लावा. साबण अजिबात नको.

आणखी एक विचारतो: पाणी बदलताना तुम्ही नळाचं पाणी आणि अँटी-क्लोरीन वापरता का? काही अँटी-क्लोरीनमध्ये माशांच्या अंगावरचा थर जपणारे पदार्थ घातलेले असतात आणि त्यांनी स्किमर दोनतीन दिवस वेड्यासारखा फेसाळतो. दगड चिकटवायची एपॉक्सी पुट्टी आणि काही औषधंही हेच करतात. अशा वेळी कप काढून ठेवा आणि पाणी सम्पमध्येच परत पडू द्या, हवा तर मिळत राहते. मिठाचं पाणीही आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून क्षार काढलेल्या, पाण्यातच कालवा, म्हणजे क्लोरीनचा प्रश्नच उरत नाही. याच्या उलटही घडतं. माशांना खाऊ घातल्यावर, विशेषतः गोठवलेलं तेलकट खाणं दिल्यावर, फेस एकदम बसतो. हाताला क्रीम लावून टाकीत हात घातला तरी बसतो. तासा-दोन तासांत तो आपोआप परत येतो. त्या वेळी व्हॉल्व्ह आवळलात तर मध्यरात्री कप वाहणार.

बरोबर लागलेला स्किमर ओळखायचा कसा? टॉर्च घेऊन गळ्यापाशी बसा. खाली दुधासारखे बारीक बुडबुडे, वर जाताना ते हळूहळू मोठे आणि कोरडे होतात, अगदी वर पिंगट साय धरते, ती काठावर थबकते आणि मग एका बाजूने फुटून कपात घसरते. हे सगळं संथ चालतं. पंख्याच्या वेगाने उसळत असेल तर पातळी जास्त आहे. कपात दोन-तीन दिवसांत कडक चहाच्या रंगाचं, उग्र वासाचं पाणी जमायला हवं. फार घट्ट, डांबरासारखं जमत असेल तर फेस कोरडा पडतोय आणि बरीच घाण गळ्यालाच चिकटून राहतेय. मला स्वतःला किंचित ओलाच आवडतो. पण ओला ठेवलात तर क्षारता मोजत राहा, कारण कपातून खारं पाणी जातं आणि त्याच्या जागी तुम्ही गोडं ओतता.

गळा दर तीन-चार दिवसांनी आतून पुसा. त्यावर बोटाला लागेल असा तपकिरी लेप बसतो आणि तो बसला की फेस चढतच नाही. लोक इथेही व्हॉल्व्हच फिरवतात, खरं तर फडक्याचं काम असतं.

अडचणीची दुसरी जागा हवेच्या नळीची. नळी जिथे पंपाला जोडते त्या बारीक तोंडात मिठाचा पांढरा खडा धरतो, ज्वारीच्या दाण्याएवढा. तेवढ्यानेच हवा निम्मी होते. चालू स्किमरच्या नळीच्या मोकळ्या टोकावर बोट ठेवा: बोट ओढलं जायला हवं आणि उचलताच सूं आवाज यायला हवा. ओढ कमी वाटली तर महिन्यातून एकदा सिरिंजने कोमट आरओ पाणी त्यातून सोडा. पंप दोन-तीन महिन्यांनी उघडून व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा, इम्पेलरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या चाकाच्या, सुयांवरचा चुना निघून जातो.

ही हवा येते कुठून याकडेही लक्ष असू द्या. स्किमर तासाला काहीशे लिटर हवा ओढून पाण्यात घुसळतो. तुमच्याकडे बेडरूमचा एसी आणि खिडक्या बंद, तर त्या हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त आणि पाण्याचा पीएच खाली. मी नळी गॅलरीत काढली आणि सकाळचा पीएच ७.८ वरून ८.१ वर आला. लांब नळी घेतलीत तर जाड घ्या, बारीक नळीत हवा अडते. पण गॅलरीत शेजारी रंगकाम असेल, घरात पेस्ट कंट्रोल असेल किंवा डासांची कॉइल लागली असेल, तर तेवढा वेळ स्किमर बंदच ठेवा. गौरी-गणपतीत आमच्या हॉलमध्ये धूप आणि कापूर सकाळ-संध्याकाळ असतो, टाकीही त्याच हॉलमध्ये. आरतीच्या आधी स्किमर बंद करायचं काम माझ्या मुलीकडे आहे आणि ती ते एकदाही विसरलेली नाही.

लाइट जाण्याबद्दल मात्र आत्ताच सांगून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी जुलैत रात्री लाइट गेली आणि तासाभराने आली. लाइट गेल्यावर वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं आणि पातळी चढते. ती आल्याबरोबर रिटर्न पंप आणि स्किमर एकदमच सुरू झाले. सम्प भरलेला असतानाच स्किमर फेसाळला, कप भरून वाहायला लागला. कपाची नळी मी खाली बादलीत सोडली होती. बादलीतून पाणी लाकडी कपाटात आणि तिथून फरशीवर. सकाळपर्यंत दहा लिटर खारं पाणी गेलं होतं आणि टॉप-ऑफने त्याच्या जागी दहा लिटर गोडं भरलं होतं. एकूण दोनशे लिटरमधले दहा म्हणजे ३५ ची क्षारता ३३ च्या जवळ आली. मासे वाचले, पण तो दिवस मी फार घाबरलेला होतो. तेव्हापासून स्किमर वेगळ्या टायमर प्लगवर आहे, लाइट आल्यावर दहा मिनिटांनी सुरू होतो, आणि कपाच्या नळीखाली बादली नाही, झाकणाची छोटी बाटली आहे, तिच्यात फ्लोट आहे. बाटली भरली की स्किमर बंद.

शेवटी अपेक्षेबद्दल. पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मोजून पाहिलं, तर त्यांनी तपासलेल्या स्किमरांनी पाण्यातल्या मोजता येणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३० टक्केच बाहेर काढला. बाकीचा फेसाला धरतच नाही. झालेलं नायट्रेटही स्किमर काढत नाही. म्हणून पाणी बदलणं चालूच ठेवा. आणि तुमच्याकडे पाचच मासे आहेत, तेव्हा कप रोज भरेल अशी वाट पाहू नका, आठवड्याला अर्धा कप भरला तरी तो आपलं काम करतोय.

आज रात्री स्किमर हलवलात की सम्पच्या काचेवर पाण्याच्या रेषेला मार्करने खूण करा. उद्या सकाळी आणि रात्री ती जागेवरच आहे का तेवढं बघा, व्हॉल्व्ह तसाच राहू द्या. चौथ्या दिवशी गळ्याचा आणि त्या खुणेचा फोटो इथे टाका, मग पाव फेरा कुठल्या बाजूला द्यायचा ते सांगतो.