ट्रॅक्टर जात नाही अशा रानातून ओंडके ओढायला घोडा चालेल का? साज कोणता लागतो?

सांगोल्याकडच्या रानात पडलेली बाभूळ बांधापर्यंत आणायची असेल तर बैलच जुंपा. युरोपात जंगलातले ओंडके ओढणारे आर्देन, पर्चेरॉन घोडे सात-आठशे किलोंचे असतात. आपला भीमथडी घोडा काटक, पण अंगाने हलका. त्या युरोपातल्या घोड्यांना खांद्यावर भरीव कॉलर, दोन्ही बाजूंना ओढपट्टे आणि मागे आकडा असलेली आडवी दांडी लागते. हा साज आपल्याकडे सहज मिळतही नाही.

खिलार जोडीला जू, शिवळा (जुवातल्या खुंट्या), जुपण्या (जू मानेला बांधायचे पट्टे), कासरा आणि दणकट साखळी पुरते. खरी मेख साखळी बांधण्यात आहे. फास ओंडक्याच्या टोकाशी आवळा आणि त्या टोकाखाली बेचक्याची जाड फांदी बांधा. टोक मातीत रुतलं की जोडीचा निम्मा जोर तिथंच जातो. ओंडका मागच्या पायांना लागणार नाही एवढी साखळी लांब ठेवा.

ताणलेल्या साखळीजवळ किंवा उताराच्या बाजूला कुणालाही उभं करू नका, पोरांना तर मुळीच नाही. दगडाला अडला की ओंडका गर्रकन फिरतो. लांब खोड आधी तोडून घ्या. उन्हाळ्यात सोलापुरात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा पहाटेच जुंपा, आणि बैलाचा खांदा सुजलेला दिसला तर लगेच सोडा.